ईसीएचएस असताना वर खासगी मेडिक्लेम घ्यावा का? मार्चअखेर पेन्शनवर येतोय

खटावचा_जवान

जय हिंद.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत नायब सुभेदार आहे. २८ वर्षांची नोकरी पुरी करून मार्चअखेर पेन्शनवर येतोय. गाव खटाव तालुक्यात, वडूजपासून आत. घरात मी, मिसेस, मुलगा (१९, इंजिनिअरिंगला), मुलगी अकरावीला आणि आई. आई ७२ वर्षांची, बीपीची गोळी रोज चालू. मिसेसला काही वर्षांपासून शुगर आहे, गोळ्यांवर आटोक्यात आहे.

ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, ६७,००० रुपये कापून जाणार हे माहीत आहे. पेन्शनवाल्याला ते भरावेच लागतात आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मागच्या सुट्टीत गावातला एक ओळखीचा एजंट घरी आला होता. म्हणाला, "साहेब, त्या कार्डाच्या भरवशावर राहू नका. रात्री-अपरात्री पेशंट घेऊन गेलात की हॉस्पिटलवाले बेड नाही म्हणून सांगतात." पाचही जणांचा १० लाखांचा फॅमिली फ्लोटर (सगळ्यांना मिळून एकच पॉलिसी) सुचवला आहे. सगळी वयं धरून हप्ता वर्षाला ८० हजारांच्या घरात जातोय. मुलांची शिक्षणं चालू असताना पेन्शनीतून एवढे काढायचे म्हणजे विचार करावा लागतो.

दुसरं म्हणजे, गावच्या आशाताई आईचं सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढायला सांगून गेल्यात. ते काढू का?

आणि मिसेसचं म्हणणं असं की पुण्यात धानोरीकडे फ्लॅट घेऊ, आपली फौजी माणसं तिकडेच आहेत, दवाखाने जवळ पडतील. मला गावीच राहायचंय, शेती बघायचीय.

ज्यांनी हे सगळं प्रत्यक्ष पार पाडलंय त्यांनी कृपया सांगा.

फौजीपुत्र_पुणे

काका, नमस्कार. माझे वडील सिग्नल्समधून रिटायर झालेत. मी आयटीत आहे. माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-बाबा दोघंही आहेत, शिवाय त्यांचं ईसीएचएस आहेच. तुमचा मुलगा नोकरीला लागला की हाही मार्ग उघडतो, तेव्हा आज फार मोठी पॉलिसी घेऊन बसू नका. एकच लक्षात ठेवा, कंपनीची पॉलिसी नोकरी सुटली की सुटते. सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण ते वेळेत मागावं लागतं.

माझं मत विचाराल तर बेस पॉलिसी नको, सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे ठरावीक रकमेच्या (डिडक्टिबलच्या) वरचंच बिल देणारी पॉलिसी. ५ लाखांचं डिडक्टिबल ठेवून वरचं २०-२५ लाखांचं कव्हर, हप्ता बराच कमी येतो. खालचं ईसीएचएस सांभाळेल, वरचं टॉप-अप.

तोफखाना_सिन्नर

जय हिंद साहेब. सुभेदार म्हणून तोफखान्यातून रिटायर झालो, आता साठी ओलांडली. सिन्नर तालुक्यात राहतो, पॉलिक्लिनिक (ईसीएचएसचा दवाखाना) देवळालीचं. तुमच्यासारखाच गावी राहायचं ठरवून आलो आणि आजही गावीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे वडीलही फौजी होते. ईसीएचएस सुरू झालं १ एप्रिल २००३ ला. त्याच्या आधी आमच्या घराला मिलिटरी हॉस्पिटल सोडून दुसरा आधार नव्हता. वडिलांचं पोट दुखायला लागलं की आधी देवळालीचा रस्ता, तिथून पुढं पाठवलं तर पुणं, आणि सोबत येणाऱ्यानं शेतातलं काम टाकून जायचं. म्हणून या कार्डाला कुणी "भरवशाचं नाही" म्हटलं की मला वाईट वाटतं. त्यात उणिवा आहेत, त्याही सांगतो. पण आधी हातात काय आहे ते नीट बघा.

६७,००० एकदाच भरायचे. त्या बदल्यात तुम्ही आणि मिसेस दोघंही हयातभर, तुमच्या माघारी फॅमिली पेन्शनवर त्याही. खर्चाला वरची मर्यादा नाही. आधीपासूनच्या आजाराचा खर्च मिळायला वेटिंग, म्हणजे थांबायची मुदत, नाही, मिसेसची शुगर पहिल्या दिवसापासून धरली जाते. वय वाढलं म्हणून हप्ता वाढत नाही, कारण हप्ताच नाही. एजंटच्या पॉलिसीचे एका वर्षाचे पैसे तुमच्या आयुष्यभराच्या वर्गणीपेक्षा जास्त होतात, एवढा एक हिशोब पुरे.

माझ्या रेजिमेंटचा एक हवालदार आहे, दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, कित्येक वर्षं चालू आहे. रेफरल (हॉस्पिटलात पाठवण्याची चिठ्ठी) नवं करून घ्यायला त्याचा मुलगा पॉलिक्लिनिकला जातो, बाकी हॉस्पिटलात एक रुपया भरावा लागत नाही. १० लाखांची पॉलिसी असती तर कधीच संपली असती आणि पुढच्या वर्षाची वाट बघत बसायची वेळ आली असती. असाध्य, लांबत जाणारं दुखणं आलं तर ईसीएचएससारखं दुसरं काही नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

दुसरी गोष्ट रोजच्या गोळ्यांची. मेडिक्लेम म्हणजे मुख्यतः ॲडमिट झाल्यावरचा खर्च. बीपी, शुगर, थायरॉइड, डोळे, दात, यातलं बहुतेक सगळं ओपीडीत येतं. माझा डावा कान तोफेच्या आवाजानं गेला. कानाचं मशीन ईसीएचएसमधून मिळालं. खासगी पॉलिसीच्या कागदात कानाचं मशीन, चष्मा वगैरे न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत असतात, ती यादी मागून वाचा. तोफखान्यात काय, इन्फंट्रीत काय, फायरिंगनं कान आपल्या सगळ्यांचेच जातात.

आता उणिवा.

पॉलिक्लिनिकला सकाळी लवकर जावं लागतं. कार्ड मशीनला लावायचं, टोकन घ्यायचं, डॉक्टर, मग औषधाच्या खिडकीची रांग. लिहिलेल्या पाच गोळ्यांतल्या तीन मिळतात आणि दोनवर 'एनए' येतं, म्हणजे सध्या उपलब्ध नाही. मग पुन्हा फेरी. ज्याला गुडघेदुखी आहे त्याला हे जड जातं. स्पेशालिस्टला दाखवायचं तर आधी इथून रेफरल.

पण खरा घोर लागतो तो रात्रीचा. आमच्या मंडळींच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा पाऊस कोसळत होता. पॅनेलवरच्या, म्हणजे ईसीएचएसशी करार असलेल्या, हॉस्पिटलपर्यंत नेण्याइतका वेळ नाही असं गावच्या डॉक्टरनं सांगितलं. जवळचं हॉस्पिटल पॅनेलवर नव्हतं. तिथं पैसे भरूनच आत घेतलं. सकाळी पहिलं काम म्हणून पॉलिक्लिनिकला कळवलं, कारण पॅनेलबाहेरच्या हॉस्पिटलात इमर्जन्सीत गेलात तर ४८ तासांच्या आत कळवायचं असतं. तब्येत स्थिर झाल्यावर नाशिकला पॅनेलवरच्या हॉस्पिटलात हलवलं, स्टेंट तिथं बसला, तिथला खर्च सगळा कॅशलेस. पहिल्या हॉस्पिटलचं बिल मात्र मी क्लेम केलं तेव्हा सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दरानं पैसे आले. हॉस्पिटलनं लावलेला दर आणि सीजीएचएसचा दर यातला फरक खिशातून गेला. आणि जे आले तेही बऱ्याच महिन्यांनी.

म्हणजे बघा, ईसीएचएस मोठ्या आजारात भक्कम आहे आणि पहिल्या एक-दोन दिवसांत, पॅनेलवरचं हॉस्पिटल लांब असलेल्या गावात, कच्चं आहे. खासगी पॉलिसी घ्यायचीच तर या कच्च्या जागेसाठी घ्या. त्याला १० लाख लागत नाहीत. तुम्ही दोघं आणि मुलं मिळून ५ लाखांचा साधा फ्लोटर, तोही तालुक्याच्या गावात कॅशलेस हॉस्पिटल आहे अशाच कंपनीचा. पॉलिसीच्या नावापेक्षा वडूज, दहिवडी, सातारा या भागातलं कुठलं हॉस्पिटल त्यांच्या यादीत आहे ते आधी विचारा.

आईला फ्लोटरमध्ये घालू नका. फ्लोटरचा हप्ता सगळ्यांत वयस्कर माणसाच्या वयावर ठरतो. तुमचा आकडा ८० हजारांपर्यंत गेलाय तो बराचसा त्यामुळेच.

मिसेसची शुगर फॉर्ममध्ये लिहा. एजंट म्हणेल, राहू द्या, हप्ता वाढेल. ऐकू नका. जुन्या आजाराचं वेटिंग आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, तीन वर्षं निघून जातात. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी बाहेर निघाला तर भरलेले सगळे हप्ते वाया. पॉलिक्लिनिकच्या कागदांवर तर तारखेसह लिहिलेलं असतं, ते झाकणार कसं?

आशाताईंच्या कार्डाबद्दल. सत्तरीवरच्या सगळ्यांना आयुष्मानचे ५ लाख ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेत, उत्पन्नाची अट नाही. पण ज्यांना ईसीएचएस किंवा सीजीएचएस आहे त्यांना दोन्हींतलं एकच ठेवता येतं. खासगी पॉलिसी असणाऱ्याला ही अडचण नाही, त्याला दोन्ही चालतात. आईचं स्वतःचं उत्पन्न महिना ९,००० अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी असेल आणि त्या तुमच्याकडे राहत असतील तर त्या तुमच्या ईसीएचएसमध्ये येतात. आयुष्मानमध्ये रोजची बीपीची गोळी बसत नाही, ते ॲडमिट झाल्यावरचं आहे, आणि ५ लाखांवर थांबतं. मी तुमच्या जागी असतो तर आईचं नाव ईसीएचएसमध्येच घातलं असतं. आशाताईंना तसं समजावून सांगा, त्या त्यांचं काम चोख करतायत.

राहता राहिलं धानोरी. पॉलिसीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे आणि तो वहिनींनी बरोबर ओळखलाय. पुण्यात कमांड हॉस्पिटल आहे, खडकीचं मिलिटरी हॉस्पिटल आहे, हृदयाचं वेगळं मिलिटरी इस्पितळ आहे, पॅनेलवरची हॉस्पिटलंही भरपूर. तिथं राहणाऱ्याला खासगी पॉलिसीची गरज अर्ध्यानं कमी होते. गावी राहायचं तर पॉलिसीचा हप्ता म्हणजे गावी राहण्याचा खर्च समजा. मी तो खर्च आनंदानं करतो.

नेव्हीवाली_ताई

माझे मिस्टर नेव्हीतून पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झाले होते. ते आता नाहीत. आम्ही कल्याणला राहतो. सुभेदार साहेबांनी सगळं छान लिहिलंय, मी फक्त बायकांच्या बाजूनं सांगते.

मिस्टर होते तोपर्यंत सगळं तेच बघायचे. कार्ड कुठं, पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) प्रत कुठं, ऑनलाइनचा पासवर्ड काय, मला काही माहीत नव्हतं. ते गेल्यावर फॅमिली पेन्शन सुरू होणं, मग ईसीएचएसवर माझी नोंद बदलून कार्ड नवं होणं, यात माझी फार ओढाताण झाली. दुःखात असताना कुठल्या खिडकीवर कुठला दाखला द्यायचा ते कळत नाही. भाऊ, तुम्ही मार्चला घरी आलात की पहिल्या महिन्यात वहिनींना सोबत घेऊन पॉलिक्लिनिकला जा. त्यांच्या हातानं टोकन घ्यायला लावा. त्यांचं नाव आणि जन्मतारीख डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि आधार तिन्हीकडे सारखी आहे का बघा. एका अक्षराचा फरक असला तरी अडतं. ते तुम्ही असताना, युनिटच्या रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्त करून घेणं सोपं आहे.

आणखी एक. एका पॅनेलवरच्या हॉस्पिटलात माझ्याकडे इमर्जन्सीत डिपॉझिट मागितलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ईसीएचएसची बिलं अडकलीत, आधी पैसे भरा." मी तिथूनच पॉलिक्लिनिकच्या ऑफिसर इन-चार्जना फोन लावला. ते हॉस्पिटलशी बोलले आणि डिपॉझिट न भरता दाखल करून घेतलं. इमर्जन्सीत पॅनेलवरचं हॉस्पिटल पेशंटला नाही म्हणू शकत नाही, पैसे मागू शकत नाही. हॉस्पिटलची बिलं अडकतात हे खरं आहे, त्यांचीही अडचण असेल, पण ती पेशंटच्या खाटेपाशी सोडवायची नसते. तो नंबर वहिनींच्या मोबाइलमध्ये आजच घाला.

खटावचा_जवान

सुभेदार साहेब, ताई, मनापासून आभार. मिसेसला सगळं वाचून दाखवलं. ताईंचं वाचून ती म्हणाली, पहिल्यांदा पॉलिक्लिनिकच दाखवा. मिसेसच्या नावात खरोखर फरक आहे, आधारवर वेगळं स्पेलिंग. उद्याच क्लार्कला भेटतो.

दोन शंका. फौजीपुत्र म्हणतोय ते सुपर टॉप-अप स्वस्त पडतं, मग ५ लाखांच्या बेस पॉलिसीपेक्षा तेच का नको? आणि मुलांचं ईसीएचएस किती दिवस?

तोफखाना_सिन्नर

आधी मुलांचं. मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. मुलगी कमवायला लागेपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत. तेव्हा मुलाचं ईसीएचएस आता थोड्याच वर्षांचं राहिलंय. म्हणून त्याला फ्लोटरमध्ये घ्या म्हटलं. पुढं तो त्यातून स्वतःच्या पॉलिसीत जाईल तेव्हा वेटिंगची उलटलेली वर्षं त्याच्या खात्यात जमा असतील.

सुपर टॉप-अपबद्दल फौजीपुत्राचं म्हणणं पुण्यात राहणाऱ्यासाठी आणि ज्याच्याकडे कंपनीची पॉलिसी आहे त्याच्यासाठी अगदी बरोबर आहे. खटावसाठी मला ते पटत नाही. ५ लाखांचं डिडक्टिबल म्हणजे वर्षभराच्या बिलांतले पहिले ५ लाख दुसरीकडून भागवायचे, त्याच्या वरचं टॉप-अप देणार. तुमची अडचण कुठं आहे? रात्री दोन वाजता तालुक्याच्या हॉस्पिटलात भरायच्या पहिल्या ५० हजार-लाखाची. तिथं टॉप-अप एक पैसा देत नाही. आणि बिल ५ लाखांच्या वर जाईल असा आजार असेल तर तोवर तुम्ही पेशंटला पॅनेलवरच्या हॉस्पिटलात हलवलेलं असणार, जिथं ईसीएचएसला मर्यादाच नाही. म्हणजे टॉप-अप तिथं उभं राहतं जिथं ईसीएचएस आधीच उभं आहे.

आणि पॉलिसी नकोच असं ठरलं तर त्याच हप्त्याचे पैसे दरवर्षी वेगळ्या एफडीत टाका, तिला हात लावायचा नाही. दीड-दोन लाख कायम तयार असले की तालुक्याच्या हॉस्पिटलचं डिपॉझिट भागतं आणि क्लेमचे पैसे आले की परत तिथंच ठेवायचे. माझ्या ओळखीची काही घरं हेच करतात आणि त्यांचं नीट चाललंय. पण हे त्यांनाच जमतं ज्यांच्या घरात लग्न आलं, विहीर आली म्हणून ती एफडी मोडली जात नाही. नाही जमणार असं वाटत असेल तर पॉलिसी बरी.

पॅनेलबाहेर जावं लागलंच तर कागद जपा. इमर्जन्सी असल्याचं हॉस्पिटलचं सर्टिफिकेट, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं आणि पावत्या, तपासण्यांचे रिपोर्ट. स्टेंट किंवा दुसरं काही शरीरात बसवलं तर त्याच्या खोक्यावरचे स्टिकर आणि खरेदीचं बिल डिस्चार्जच्या आधीच मागून घ्या. ऑपरेशन थिएटरमधून ती खोकी कचऱ्यात जातात आणि मग क्लेमवर शेरा मारून कागद परत येतो. एकाच बिलाचे पूर्ण पैसे ईसीएचएस आणि विमा कंपनी दोघांकडून मिळत नाहीत, म्हणून कुठल्या दारी जायचं ते मूळ कागद हातातून जाण्याआधी ठरवा.

पॅनेलची यादी ईसीएचएसच्या वेबसाइटवर आहे. नुसतं नाव बघू नका, कुठल्या विभागासाठी पॅनेलवर आहे ते बघा. काही हॉस्पिटलं फक्त डोळ्यांसाठी किंवा दातांसाठी असतात आणि नाव बघून माणूस हृदयाचा पेशंट घेऊन पोचतो. पॅनेलचा करार संपतो, नवा होतो, म्हणून दर सहा महिन्यांनी फोन करून खात्री करा.

फौजीपुत्र_पुणे

साहेब, गावाच्या दृष्टीनं तुमचं बरोबर आहे, मी पुण्यातून विचार करत होतो. काकांसाठी एक भर घालतो, वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. एजंटनं दिलेला आकडा त्याच्या आधीचा असेल तर नवा मागा. आणि साठीनंतर विमा कंपनीला वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त हप्ता वाढवायचा असेल तर आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं, पण साठीच्या आत असं बंधन नाही. तुमचं वय बघता पहिली दहा-बारा वर्षं हप्ता कसा वाढत जाईल ते कंपनीच्या जुन्या दरांवरून विचारून घ्या.

खटावचा_जवान

समजलं. आकडा जीएसटी धरूनच होता, नवा मागवतोय. आईला वगळून चौघांचा ५ लाखांचा फ्लोटर, शुगर लिहून. आईचं नाव ईसीएचएसमध्ये, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढायला भावाला सांगितलंय. साताऱ्याच्या पॅनेलवर हृदय आणि ॲक्सिडेंटसाठी कोण कोण आहे ते बघून यादी मिसेसला देतो, तीच फोन करून खात्री करणार म्हणते. धानोरीचं सध्या थांबवलंय. मुलाची नोकरी पुण्यात लागली तर तेव्हा बघू असं आमच्या दोघांचं ठरलं.

ताई, तुमच्या पॉलिक्लिनिकला विधवा भगिनींसाठी वेगळी खिडकी किंवा वेगळा दिवस असतो का? आमच्या पंचक्रोशीत बऱ्याच जणी आहेत, काहींची कार्डं अजून मिस्टरांच्याच नोंदीवर अडकलीत. घरी आल्यावर त्यांना घेऊन साताऱ्याला जायचा विचार आहे.

नेव्हीवाली_ताई

वेगळी खिडकी नाही भाऊ, पण सकाळी आधी ऑफिसर इन-चार्जना भेटून सांगितलं तर ते स्वतः लक्ष घालतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात फॅमिली पेन्शनच्या कागदांना मदत मिळते, म्हणून आधी तिकडे आणि मग पॉलिक्लिनिक असा क्रम ठेवा. प्रत्येकीच्या मिस्टरांचा मृत्यूचा दाखला, फॅमिली पेन्शनचा पीपीओ, आधार, बँक पासबुक, फोटो आणि जुनं कार्ड एका पिशवीत घ्यायला सांगा, झेरॉक्स दोन-दोन. निघायच्या आदल्या दिवशी पॉलिक्लिनिकला फोन करून विचारा की कार्डाचं काम बघणारे क्लार्क रजेवर नाहीत ना.